अर्पणाची थैली की क्यूआर कोड?

जालन्याकडच्या एका ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) खजिनदार पेचात आहेत: तरुणांच्या खिशात रोकड नसते, मग उपासनेत दान गोळा करायला फिरवतात ती थैली बंद करून क्यूआरच ठेवावा का?

खर्चाचा प्रश्न किरकोळ आहे. २०२० पासून बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर पैसे घेणाऱ्याला व्यापारी शुल्क नाही. बोलणारा साउंडबॉक्स तेवढा घेऊ नका, ऐन प्रार्थनेत रक्कम पुकारेल!

खरा फरक हिशेबात. थैलीतली रोकड दोघांनी मोजायची, सह्या करायच्या, बँकेत भरायची. क्यूआरची नोंद आपोआप राहते. पण खातं मंडळीच्याच नावाचं हवं, खजिनदाराच्या मोबाइल नंबरवर पैसे घेतले की भांडण ठरलेलं. दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) कुठला, बांधकाम निधी कुठला, हेही देणाऱ्यानं शेऱ्यात लिहिलं तरच कळतं.

गुप्ततेत थैली सरस. बायबलमधल्या गरीब विधवेसारखी कुणी टाकलेली दोन नाणी तिथं कुणी नावासकट वाचत नाही.

पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्यांना मात्र क्यूआरच सोयीचा. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की झालं. कापूस-सोयाबीनच्या पैशावर चालणाऱ्या, म्हाताऱ्यांची संख्या जास्त असलेल्या खेड्यातल्या मंडळीनं थैली आणि हंगामाच्या सणाचं धान्यार्पण सोडू नये. शहरातल्या मंडळीनं क्यूआर मुख्य ठेवावा, दाराशी पेटी असू द्यावी.