पिंपातली कोवळी बरगंडी आणि मामांचा एक प्रश्न

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या बोन या गावी एका वाइन उत्पादकाच्या तळघरात, अजून बाटलीत न भरलेली तांबडी वाइन थेट लाकडी पिंपातून काढून चाखायला देतात. मार्च 2024 मध्ये आम्ही तिथे गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, कोल्हापूरच्या गूळ बाजारात उभी हयात अडत करून आता निवृत्त झालेले माझे मामा, आणि नोकरीनिमित्त लियाँला राहणारी मामेबहीण, जिच्या फ्रेंचवर आमची सगळी भिस्त होती. परत आल्यापासून कोल्हापुरातल्या चार-पाच ओळखीच्यांनी ‘जाण्यासारखे आहे का, पैसे वसूल होतात का’ असे विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मात्र देत नाही. काही तक्रारीही करायच्या आहेत आणि एका भेटीवरून कुणाच्या नावाला बट्टा लावणे रास्त वाटत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण ती नसेल तर तळघरातले निम्मे बोलणे डोक्यावरून जाते. बरगंडीची तांबडी वाइन जवळजवळ सगळी पिनो न्वार या एकाच द्राक्षाची असते. 1395 मध्ये तिथल्या ड्यूक फिलिपने गामे या दुसऱ्या द्राक्षाच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता, तेव्हापासून पिनो न्वारचा मान वाढत गेला. द्राक्ष एकच असल्यामुळे सगळी प्रतवारी जमिनीवर चालते. सर्वांत खाली नुसते ‘बूर्गोन्य’ हे बरगंडी प्रांताचे फ्रेंच नाव, त्यावर गावाचे नाव, त्यावर ‘प्रीमिए क्रू’ म्हणजे गावातली नावाजलेली शिवारे आणि सर्वांत वर ‘ग्रां क्रू’. आपल्याकडे जसे प्रत्येक मळ्याला, माळाला नाव असते आणि कुठल्या रानातला ऊस कसा हे गावकऱ्यांना तोंडपाठ असते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की तिथे त्याची शतकानुशतके नोंद ठेवली गेली आणि अशी 1,247 शिवारे 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

तळघर दगडी कमानींचे, ओलसर आणि थंड होते. बारा-तेरा अंशांच्या पलीकडे तापमान नसावे. आपल्याकडचा कुणी जाणार असेल तर स्वेटर घालूनच जावे, कारण दीड तास उभे राहायचे असते आणि हातातला पेला तळव्यांनी ऊबवल्याशिवाय वास उमलत नाही. पिंपे ओळीने आडवी मांडलेली होती. बरगंडीचे नेहमीचे पिंप 228 लिटरचे असते, म्हणजे त्यातून साधारण तीनशे बाटल्या निघतात. तळघर सांभाळणारा मध्यमवयीन गृहस्थ पिंपावरचे बूच काढी, काचेची लांब नळी आत सोडून वरचे तोंड अंगठ्याने दाबून धरी आणि प्रत्येकाच्या पेल्यात दोन घोट सोडी. चाखून थुंकायचे असते, त्यासाठी कोपऱ्यात पिकदाणी होती. मामा एरवी दारूला शिवत नाहीत, पण ‘थुंकले म्हणजे घेतली नाही’ असा निर्वाळा त्यांनी स्वतःच स्वतःला दिला आणि पुढचा दीड तास ते आम्हा सर्वांपेक्षा अधिक गांभीर्याने चाखत होते.

2023 च्या हंगामाचे पहिले दोन नमुने प्यायला सुखाचे नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बूर्गोन्य हा नमुना ताज्या जांभळासारख्या रंगाचा आणि वासाचा होता, पण जिभेवर आंबट आणि लगेच संपणारा. साव्हिन्यी-ले-बोन गावचा दुसरा तर गढूळ होता आणि जिभेला चुरचुरत होता. वाइन बिघडली असावी असे मला वाटले. पण तळघरवाल्याने पिंपाच्या तोंडाशी कान लावायला सांगितला, तेव्हा आत बारीक तडतड ऐकू आली. द्राक्षाच्या साखरेचे मद्य झाल्यानंतर दुसरी एक क्रिया होते, जिच्यात जिवाणू मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात. पहिले आम्ल कच्च्या सफरचंदातले, दुसरे दह्यातले, त्यामुळे वाइनची धार कमी होऊन ती मऊ होते; ही क्रिया चालू असताना वायूचे बुडबुडे निघतात. हिवाळ्याच्या थंडीत ती रेंगाळते आणि तळघर उबदार होऊ लागले की पुन्हा हलते. बहिणीने हे भाषांतर करून सांगताच मामा म्हणाले, ‘म्हणजे विरजण अजून नीट लागलेलं नाही. मग आत्ता कशाला ढवळायचं?’ तळघरवाल्याला हे बोलणे इतके आवडले की त्याने ते बहिणीकडून दोनदा ऐकले.

खरी गंमत तिसऱ्या आणि चौथ्या पिंपापाशी झाली. तिसरे व्होल्ने गावचे, चौथे पोमार गावचे. ही दोन्ही गावे एकमेकांना खेटून आहेत, पायी गेले तरी अर्धा तास लागणार नाही. द्राक्ष एक, हंगाम एक, वाइन करणारा हात एक, पिंपेही सारख्याच वयाची. तरीही व्होल्नेच्या पेल्यातून गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्यांसारखा हलका वास येत होता आणि घोट रेशमासारखा घशाखाली उतरत होता, तर पोमारची वाइन गडद, जाड आणि तुरट होती, कच्च्या सुपारीचे खांड चघळल्यावर हिरड्या आवळतात तशी. मी पुन्हा व्होल्ने मागून घेतली, पुन्हा पोमार घेतली, आणि डोळे मिटून बहिणीला पेले बदलायला लावले. तरी ओळख चुकली नाही. कारण विचारले तेव्हा उत्तर एका शब्दात आले: माती. पोमारची जमीन अधिक चिकणमातीची आणि लोहयुक्त, व्होल्नेची अधिक चुनखडीची.

मामांना यात काहीच नवल वाटले नाही. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो, नदीकाठच्या गाळाच्या रानातला गूळ गोड आणि कणीदार उतरतो, आणि रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा फोडून तोंडात टाकला की अनुभवी अडत्या माल कुठल्या भागातला असेल याचा अंदाज बांधतो. हे त्यांनी बहिणीमार्फत त्या माणसाला सांगितले. दोघेही बराच वेळ एकमेकांना जमिनीबद्दल विचारत राहिले आणि आमच्यासोबत आलेले इतर पर्यटक थंडीत पाय आपटत उभे राहिले. त्यांची क्षमा मागूनही मी म्हणेन की त्या सकाळचे सगळे पैसे या दोन पिंपांपाशीच वसूल झाले. बाटलीतली वाइन विकत घेऊन हा फरक असा निखळ कधीच हाती लागत नाही, कारण प्रत्येक बाटलीचा उत्पादक निराळा, साल निराळे आणि ती उघडण्याची वेळही निराळी.

त्यानंतर बोन गावच्या एकाच प्रीमिए क्रू शिवाराची वाइन दोन पिंपांतून दिली, एक कोऱ्या ओकच्या आणि एक तीन हंगाम वापरलेल्या. पिंप तयार करताना लाकूड आतून विस्तवावर भाजतात. कोऱ्या पिंपाचा व्हॅनिला, लवंग, भाजक्या पावासारखा वास वाइनमध्ये उतरतो, आणि वापरागणिक तो क्षीण होत जातो. सोबतच्या बहुतेकांना कोऱ्या पिंपातली वाइन भारी वाटली. मला ती मसाला जास्त झालेल्या रश्श्यासारखी वाटली: मटण कसे आहे ते कळूच नये. मामांनी तर गुळाला रंग आणण्यासाठी काहिलीत हायड्रॉस हे रसायन टाकणाऱ्यांची आठवण काढली, जे मला थोडे अन्यायाचे वाटले, कारण ही दोन्ही पिंपे शेवटी एकत्र मिसळली जाणार होती आणि त्या मिश्रणात कोऱ्या लाकडाचा वाटा बेताचाच राहणार होता.

एक गोष्ट आपल्या माणसांना खटकेल म्हणून आधीच सांगून ठेवतो. पेल्यात उरलेली वाइन तळघरवाला परत पिंपात ओततो. आमच्या तोंडाला लागलेल्या पेल्यातले उष्टे पुन्हा तीनशे बाटल्यांच्या मालात! मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मद्य आणि आम्ल यांमुळे त्यात काही धोका नाही, बरगंडीत ही जुनीच रीत आहे, आणि पिंपात पोकळी राहिली तर हवेने वाइन खराब होते म्हणून थेंबन् थेंब जपतात, अशी कारणे त्याने दिली. कारणे पटली; पण त्यानंतर मामांनी एकदाही पेल्यात काही उरू दिले नाही.

सातवा नमुना 2022 ची व्होल्ने, दीड वर्ष पिंपात राहिलेली आणि काही आठवड्यांत बाटलीत जाणारी. सहा महिन्यांच्या वाइननंतर ती चाखली की या सगळ्या खटाटोपाचा अर्थ लागतो. आंबटपणा तोच, पण आता तो फळाच्या आत मुरलेला. आठवा नमुना कोर्तोंचा होता, बोनच्या भागातला तांबड्या वाइनचा एकमेव ग्रां क्रू. तो आवळल्या मुठीसारखा होता: वास जवळपास नाही, चव तुरट आणि लांबलचक. इथे मामांनी गूळ बाजारातला त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला, ‘हा पावसाळा काढेल का?’ आषाढात पाणी सुटून पाघळणार नाही असा रवा ओळखणे ही गोदामात माल ठेवणाऱ्याची खरी परीक्षा असते. तळघरवाल्याने हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. आज जे तोंडाला टोचते, ते आम्ल आणि तो तुरटपणाच पुढे टिकवतो. 2023 ला पीक भरघोस आले, त्यामुळे ज्यांनी वेलीवरचे घड वेळीच कमी केले नाहीत त्यांची वाइन पातळ राहील. आपल्या कोर्तोंबद्दल आपण दहा वर्षे निर्धास्त आहोत, असे तो म्हणाला. याच गावात ओस्पिस द बोन या 1443 साली स्थापन झालेल्या धर्मादाय रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव 1859 पासून होतो, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, आणि तिथे जेमतेम दोन महिन्यांची वाइन पिंपानिशी बोलीवर विकली जाते. हे ऐकून मामा म्हणाले की म्हणजे हा आपलाच सौदा, फक्त मुदत लांब.

आता तक्रारी. माणशी 80 युरो, म्हणजे त्या वेळचे सव्वासात हजार रुपये, ही रक्कम थोडी नाही. इतके घेऊन बारा जणांचा घोळका आत नेणे चुकीचे आहे. सहांच्या वर माणसे झाली की मागच्यांना पिंपही दिसत नाही. कोर्तों जेमतेम जीभ ओली होईल इतकीच मिळाली. मध्ये तोंड साफ करायला पाव हवा होता, तो मागितल्यावर आला. आणि शेवटी विक्रीच्या खोलीत एक तरुण कर्मचारी ज्या चिकाटीने मागे लागला, ती चिकाटी त्या तळघरवाल्याच्या शांतपणाशी अगदीच विसंगत होती. ज्यांना सुट्टीत एक छान पेला निवांत प्यायचा आहे, त्यांनी हे पैसे गावातल्या एखाद्या चांगल्या खानावळीत बाटलीबंद जुन्या वाइनवर खर्च करावेत.

ज्यांना जायचेच आहे त्यांनी सप्टेंबरचा काढणीचा काळ आणि लिलावाचा आठवडा टाळावा, महिनाभर आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी आणि शक्य असेल तर फ्रेंच जाणणारा कुणी सोबत न्यावा. विमानाने माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येते, त्यात आम्ही साव्हिन्यीच्या 2019 सालच्या दोन बाटल्या आणल्या. पहिली मे महिन्यात राजारामपुरीतल्या घरी, फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवून उघडली. तांबड्या रश्श्यापुढे ती पार हरली, तिखटाने नुसता कडवटपणा उरला; पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र अनपेक्षितपणे छान जुळली. दुसरी मामांनी स्वतःच्या ताब्यात घेतली आहे आणि ती कुठे ठेवली आहे हे ते कुणालाही सांगत नाहीत.