फाउंडेशनच्या मॅडम: एका पाटीवाल्या पेंटरचा रिव्ह्यू

माझी मुलगी इथे गोव्यात आर्ट कॉलेजात फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या वर्षाला होती; तिच्या मॅडमबद्दल हे लिहितोय. खर्चापासून सुरू करतो, कारण आर्ट कॉलेजात पोरं घालायला निघालेले आईबाप मला पहिलं तेच विचारतात. फी परवडते. सामान परवडत नाही. जूनमध्ये मॅडमनी दिलेली यादी पाऊण पान होती, तीही सगळी इंग्रजीत: हाफ इम्पिरियल ड्रॉइंग बोर्ड, कार्ट्रिज पेपर दोन डझन, पोस्टर कलरच्या बारा बाटल्या, राउंड ब्रश सहा नंबरांचे, फ्लॅट तीन, चारकोल, टी-स्क्वेअर, हार्डबोर्ड, आणि शेवटी पन्नास पानांची स्केचबुकं, 'लागतील तशी'. या 'लागतील तशी'कडे मी नीट बघितलं नाही. वर्षात सात लागली. सगळं मिळून चौदा हजारांच्या वर गेलं, त्यात साखळीहून रोजची बस धरलेली नाही.

मी पाट्या रंगवतो. रंगवायचो म्हणा. १९९१ पासून हाच धंदा. खाणी जोरात होत्या तेव्हा टिपर ट्रकच्या मागच्या फळ्या दिवसाला तीन-तीन करायचो; नंबर, मालकाचं नाव, वर 'श्री दत्त प्रसन्न'. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद. तोवर फ्लेक्स आला होताच. आता शाळेच्या भिंती, देवळाची कमान, एखादी होडी, एवढंच. म्हणजे शिकवण्यातलं मला कळत नाही, पण ब्रशातलं कळतं. मॅडमचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. ज्यांची मुलं तिथे आहेत ते ओळखतील.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मला आवडली नाही, पण बरोबर होती. मुंगसाच्या केसांचा ब्रश घ्यायचा नाही. दुकानदार कसलंही नाव सांगून विकतो. मुळाशी फिका आणि टोकाला गडद केस दिसला की परत ठेवायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मुंगूस येतं. मुलीने घरी येऊन माझा ब्रशांचा डबा उलटा केला आणि दोन बाजूला काढले. त्यातला एक माझ्या उस्तादांचा होता. ओढीला तसा ब्रश दुसरा नाही, हे मी आजही म्हणेन. पण ते दोन आता वापरात नाहीत.

उस्तादांचं नाव निघालंच आहे तर सांगतो. मी म्हापशाला शिकलो. खोलीत भिंतभर दीनानाथ दलालांची चित्रं असलेली जुनी कॅलेंडरं. मडगावचा माणूस, १९१६ चा जन्म, आणि अख्खा महाराष्ट्र त्यांच्या चित्रांची दिवाळी अंकांत वाट बघायचा, हे उस्ताद दर पावसाळ्यात नव्याने सांगायचे. शिकवण्याची पद्धत सरळ: 'क'ची गाठ चुकली की मागून हात यायचा, ब्रश काढून घ्यायचा, गाठ मारून द्यायचा. टपली वेगळी. मी तीन वर्षं त्यांच्या हाताकडे बघून शिकलो. शिकवणं म्हणजे तेच, असं माझं मत.

आता मॅडमची पद्धत. त्या मुलांच्या कागदाला हातच लावत नाहीत.

जुलैत मुलगी पहिलं ऑब्जेक्ट ड्रॉइंग घेऊन आली. बादली, वीट, कापड. बादलीचं तोंड मागे कललेलं, जणू कोणी लाथ मारलीय. मला वाटलं त्यावर लाल रेघ असेल, दुरुस्त केलेलं असेल. काही नाही. उजवीकडच्या रिकाम्या समासात दीड इंचाची बादली, चार रेघांत, बारीक पेन्सिलने. खाली एक प्रश्न: 'पाणी भरलं तर कुठून सांडेल?' झालं. मार्क दहापैकी चार.

मी म्हटलं, ह्याला शिकवणं म्हणतात? मुलगी काही बोलली नाही, तिने न्हाणीघरातली बादली आणून समोर ठेवली. रात्री साडेअकरापर्यंत त्या बादलीत पाणी घालणं-काढणं चालू होतं. घरात चिखल. पण आठवड्याने बादली जमिनीवर बसली.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो, नाहीतर ते पुराणच होईल. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडतो आणि त्यातला निम्मा आमच्या कार्ट्रिज पेपरवर पडला असावा. कागद पापडासारखा वाकतो, पोस्टर कलर सकाळी लावला तर संध्याकाळी बोटाला येतो, आणि फ्लॅट फिलिंगमध्ये, म्हणजे एकसारखा सपाट रंग भरताना, ढग उठतात. मॅडमनी मुलांना सांगितलं: कागद गुंडाळायचा नाही, उभा ठेवायचा नाही, दोन हार्डबोर्डांच्या मध्ये आडवा, आणि कपाटात चाळीसचा बल्ब पेटता. आमच्या आईने पापडांसाठी हेच केलं असतं. फ्लॅट फिलिंगला मात्र मुलीला वर्गात पहिला नंबर. रंग सायीसारखा पाहिजे, ब्रश एकदाच न्यायचा, मागे यायचं नाही; हे तिला पाचवीपासून येतं, त्यात मॅडमचं श्रेय शून्य. मॅडमनी तसं लिहिलंही होतं समासात: 'हे मी शिकवलेलं नाही.'

मला त्यांचं काम पहिल्यांदा पटलं ते गणेश चवथीत. सुट्टीला घरी पाठवताना गृहपाठ दिला: माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट, काढून आणा. फोटोवरून नाही, खाली बसून. आमच्याकडे माटोळी मोठी असते. ओल्या सुपारीचा घड, तोरिंग, आंबाडे, चिबूड, लाल कवंडळं, सगळं केवणीच्या दोरांनी बांधलेलं. मुलीने दुसऱ्या दिवशी गणपतीसमोर चटई टाकली आणि उताणी पडून काढायला लागली. आई ओरडली, देवाकडे पाय करून कोण झोपतं! मग मुलीने चटई फिरवली, डोकं देवाकडे. त्याने चित्रच उलटं झालं, चिबूड सगळ्यात जवळ आला आणि भोपळ्याएवढा दिसायला लागला. आरतीला आलेली माणसं तिला ओलांडून जात होती. समईचा उजेड खालून, म्हणजे सावल्या वर छताकडे. मी तीस वर्षं अक्षरांना सावली दिली, ती कायम उजवीकडे खाली. खालून उजेड आला तर काय करायचं, मला विचारलं असतं तर मी सांगू शकलो नसतो.

त्या चित्रावरचा मॅडमचा समास मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलाय. सुपारीचा एक घड, अंगठ्याएवढा, त्याच्या वर एक ताठ रेघ. आणि प्रश्न: 'वजन दोरीला कळलंय का?' मुलीच्या चित्रात फळं सुंदर होती आणि दोर शेवयांसारखे ढिले. वरची लाकडी चौकट मी स्वतः बांधली होती, तरी मला ते दिसलं नव्हतं.

मधले महिने भरभर गेले. दिवाळीआधी अर्धा वर्ग नरकासुराचे पुतळे करण्यात गायब. मॅडमनी हजेरीवरून कटकट करण्याऐवजी प्रत्येकाकडून सांगाड्याचं ड्रॉइंग मागितलं, कुठे बांबू, कुठे गाठ. डिसेंबरात पणजीच्या फोन्तेन्यात फुंदासांव ओरिएंत या संस्थेत नेलं, आंतोनियो त्रिंदाद यांची चित्रं बघायला. १८७० साली जन्मलेला गोव्याचा माणूस, मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलात शिकवलेला. मुलांना काम एकच: एका चित्रासमोर पाऊण तास उभं राहायचं आणि फक्त उजेड कुठे पडलाय तेवढा काढायचा. मुलगी म्हणाली, पाय दुखले.

जानेवारीत मला बोलावणं आलं. अक्षरांच्या तासाला येऊन इनॅमलने पाटी लिहून दाखवाल का? मानधन थोडं, पण दिलं, आणि त्याच दिवशी दिलं. (हे मुद्दाम लिहितो. भिंती रंगवून घेणाऱ्यांनी वाचावं.) मी खडूची दोरी मारली, काठीवर मनगट टेकलं, शिरोरेषेची पट्टी सोडून आधी काने ओढले. चाळीसेक मुलं टेबलावर चढून बघत होती. मॅडमनी फळ्यावर बोरूचा काप काढून दाखवला, देवनागरीचा आणि रोमनचा उलटा कसा असतो तो. मग कंप्युटरवरचा 'मंगल' फॉन्ट दाखवला, र. कृ. जोशींनी केलेला. ज्या अक्षराने माझं पोट मारलं असं मी म्हणायचो, त्याच्या मागेही हाताने अक्षर लिहिणारा माणूस आहे, हे मला त्या दिवशी कळलं. रागवायला एक जागा कमी झाली.

मग मुलांनी ब्रश घेतले. एका मुलाचा 'श्री' असा काही कोसळत होता की मी मागून गेलो, ब्रश काढून घेतला आणि वेलांटी ओढून दिली. वर्गात एकदम शांत. वर बघितलं तर मुलगी माझ्याकडे बघतेय आणि मॅडम खिडकीबाहेर. कोणी काही म्हटलं नाही. त्या पोराचा 'श्री' अर्धा त्याचा, अर्धा माझा असा अजून त्या वर्गात लावलेला आहे म्हणे.

आता तक्रारी. सबमिशनची तारीख एप्रिलमध्ये तीनदा बदलली. मॅडम म्हणतात वरून बदलली, असेल. रात्री आठनंतर फोन उचलत नाहीत, सकाळी मेसेजला उत्तर 'वर्गात बोलू'. कौतुक करण्यात फार कंजूष. मुलगी वर्षात दोनदा रडत घरी आली, आणि दोन्ही वेळा शेरा चार शब्दांपेक्षा मोठा नव्हता. थोडं गोड बोललं तर काय बिघडतं, हा प्रश्न मी त्यांना विचारला. त्या म्हणाल्या, "गोड बोलले तर ती तिथेच थांबेल, काका." मला हे पटलेलं नाही.

शेवटी मुख्य गोष्ट. फाउंडेशननंतर ठरवायचं असतं, पेंटिंग की अप्लाइड आर्ट. मॅडम प्रत्येक मुलाला वीस मिनिटं देतात, आईबाप आले तरी चालतात. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. माझं ठरलेलं होतं: अप्लाइड. पॅकेजिंग आहे, जाहिरात आहे, मोबाईलचे स्क्रीन कोणीतरी काढतंच. ब्रशावर पोट भरायचं म्हणजे काय ते मी भोगलंय.

मॅडमनी सातही स्केचबुकं तारखेच्या क्रमाने जमिनीवर मांडली. मुलीला सांगितलं, घराला आग लागली तर यातली कोणती दहा पानं घेऊन पळशील, ती काढ. मुलगी गुडघ्यावर बसून पानं उलटत होती. पंधरा मिनिटं तरी गेली. मॅडम माझ्याशी पावसावर बोलल्या.

दहातल्या सहा पानांवर पाट्या होत्या. बंद पडलेल्या खाणीच्या ऑफिसची, 'ऑ' उडालेला. गंजलेल्या टिपरची फळी, त्यावर माझंच 'प्रसन्न', निम्मं. एका पानावर नुसता माझा हात, काठीवर टेकलेला. ती कधी काढत होती मला पत्ता नाही.

मला वाटलं, झालं, अक्षरं म्हणजे अप्लाइड. मॅडमनी मुलीला विचारलं, "ह्या पाट्या तुला नव्या करायच्यात, की अशाच बघायच्यात?" मुलगी म्हणाली, "अशाच."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हीच सांगा काय घ्यायचं ते. तुमचा शब्द ती मोडणार नाही."

"काका, गिऱ्हाइकाच्या ट्रकवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवायचात?"

"नाही. शुद्धलेखन तेवढं."

"मी पण तेवढंच करते."

मग त्यांनी पेंटिंगबद्दल सगळं वाईट सांगून टाकलं: नोकरी समोरून येत नाही, सामानाचा खर्च वाढतो, पहिली काही वर्षं दुसरं काहीतरी करून चित्र काढावं लागतं. काही लपवलं नाही, याबद्दल आभार. मुलीने फॉर्म परतीच्या बसमध्ये भरला, डिचोलीच्या अलीकडे, मांडीवर स्केचबुक ठेवून. पेंटिंग.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो तारखांचा आणि फोनचा नाही. तो या फॉर्मचा आहे. चार वर्षांनी बघू, परत द्यायचा की नाही ते.

नव्या आईबापांसाठी: ड्रॉइंग बोर्ड विकत घेऊ नका, सुताराकडून प्लायवूडचा तुकडा रंधून घ्या, निम्म्यात होतो. यादीचं मराठी कोणाकडून तरी करून घ्या. दुसऱ्या वर्षाच्या यादीत अर्धा डझन हार्डबोर्ड आहेत. त्यातले दोन मी माझ्या जुन्या पाट्या उलट्या करून दिलेत. मागच्या बाजूला 'येथे गाडी लावू नये' तसंच आहे. घासून काढतो म्हटलं, तर ती नको म्हणाली.