राउंड द वर्ल्ड बिझनेस क्लास तिकीट: स्टार अलायन्स की वनवर्ल्ड? आम्ही वनवर्ल्ड घेतलं, का ते सांगते

राउंड द वर्ल्ड म्हणजे एकाच तिकिटावर पृथ्वीभोवती फेरी, आणि स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम हे एअरलाइन्सचे गट, म्हणजेच अलायन्स. निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असाल तर तुमचं काम होईल. मुंबईहून निघून जपान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, युरोप असं करत परत मुंबईला यायचं असेल आणि मध्ये बऱ्याच ठिकाणी उतरायचं असेल तर वनवर्ल्डचं एक्सप्लोरर तिकीट घ्या. आफ्रिका नीट बघायची असेल तर स्टार अलायन्स. स्कायटीम आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं, कारण ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडची एकही एअरलाइन त्यांच्यात नाही आणि आमची मुलगी मेलबर्नला राहते, विषय संपला.

मुलगी मेलबर्नला आणि धाकटे दीर न्यू जर्सीत एडिसनला, म्हणजे आमचं कुटुंब पृथ्वीच्या दोन टोकांना. नवरा रिटायर झाला तेव्हाच ठरवलं होतं की दोघांकडे एकाच दौऱ्यात जायचं, आणि त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे चौदा-पंधरा तास बसून जाणं शक्यच नव्हतं, पाठ पूर्ण टेकून आडवं होता आलं पाहिजे ही पहिली अट. मेलबर्नचं बिझनेस क्लास रिटर्न आणि अमेरिकेचं बिझनेस क्लास रिटर्न अशी दोन वेगळी तिकिटं धरली तर आकडा इतका वर जात होता की राउंड द वर्ल्ड कमी पैशात बसलं, शिवाय टोकियो आणि पॅरिस वरती मिळाले ते वेगळंच.

आता हे तिकीट चालतं कसं ते, कारण खरा फरक इथेच आहे आणि यूट्यूबवर सगळे फक्त सीट आणि शॅम्पेन दाखवत बसतात. दोन्हीकडे ढोबळ नियम सारखे आहेत, एका दिशेने पृथ्वीभोवती जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे, ज्या देशातून निघालात त्याच देशात संपवायचं, जास्तीत जास्त १६ सेगमेंट (एका गावाहून दुसऱ्या गावी केलेला एक प्रवास म्हणजे एक सेगमेंट), आणि तिकीट वर्षभर चालतं. फरक मोजण्यात आहे. स्टार अलायन्स मैल मोजतं, बिझनेसला २९ हजार, ३४ हजार आणि ३९ हजार मैल असे टप्पे. वनवर्ल्ड एक्सप्लोरर खंड मोजतं, तीनपासून सहापर्यंत, आणि मैल किती झाले हे कोणी विचारत नाही. (वनवर्ल्डचंच ग्लोबल एक्सप्लोरर नावाचं मैलवालं तिकीट पण आहे, दोन्हींची नावं सारखी वाटतात, एजंटशी बोलताना नीट स्पष्ट करा.)

ऐकायला हे बारीक वाटतं पण कागदावर मांडून बघा. आमचा रूट असा होता: मुंबई, हाँगकाँग, टोकियो, मेलबर्न, तिथून ऑकलंडला जाऊन परत मेलबर्न, मग लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडन, लंडनहून ट्रेनने पॅरिस, पॅरिसहून दोहा आणि मुंबई. ही सगळी बेरीज साधारण ३१ हजार मैलांच्या वर जाते. म्हणजे स्टारवर असाच रूट केला असता, हब (एअरलाइनचे मुख्य विमानतळ) बदलले तरी आकडा त्याच आसपास, तर ३४ हजारवाला टप्पा भरावा लागला असता, आणि गंमत म्हणजे नुसतं ऑकलंडचं जाऊन-येऊन काढून टाकलं, जे ३३०० मैलांच्या आसपास आहे, तर तोच रूट २९ हजारांच्या आत येतो. एका शेजारच्या देशात डोकवायचं म्हणून अख्ख्या तिकिटाचा टप्पा वर! वनवर्ल्डमध्ये ऑकलंड हे ऑस्ट्रेलियाच्याच खंडात धरतात त्यामुळे भाड्यात एक रुपयाचा फरक नाही, फक्त त्या दोन फ्लाइटचे टॅक्स लागले. एका खंडात चार सेगमेंटपर्यंत मुभा आहे, उत्तर अमेरिकेत सहा, आणि खंडाच्या आत मागे-पुढे केलेलं चालतं. आमचे सगळे मिळून ११ सेगमेंट झाले, ट्रेनचा धरून, कारण विमानाशिवाय केलेला प्रवासही मोजला जातो. स्टारमध्ये तर त्या ट्रेनच्या प्रवासाचे मैलसुद्धा मोजतात.

सगळ्या बाजूने विचार केला तर माझं ठाम मत हे आहे की अलायन्स निवडताना पहिल्यांदा तुमची गावं लिहून काढा, मग ग्रेट सर्कल मॅपर या अंतर मोजणाऱ्या साइटवर टाकून मैल बघा, आणि मगच एअरलाइनकडे वळा. बेरीज २६-२७ हजारांच्या आत असेल आणि थांबे कमी असतील तर स्टार मस्त आहे, मुंबई-सिंगापूर-ऑकलंड-सॅन फ्रान्सिस्को-नेवार्क-फ्रँकफर्ट-मुंबई हा रूट साधारण २४,७०० मैल होतो, २९ हजारात आरामात बसून वर चार हजार उरतात. यात जोहान्सबर्ग घातलं, म्हणजे फ्रँकफर्टहून खाली जाऊन अदिस अबाबावरून मुंबई, की लगेच ३१ हजारांच्या आसपास आणि टप्पा बदलला.

आफ्रिकेचं म्हणाल तर तिथे स्टारला तोड नाही. इथियोपियन, इजिप्तएअर, साउथ आफ्रिकन तिन्ही त्यांच्याकडे, इथियोपियन मुंबईहून थेट आहे आणि अदिसवरून आफ्रिकेत कुठेही पोचवतात. वनवर्ल्डकडे आफ्रिकेत रॉयल एअर मारॉक आहे ती वरच्या कोपऱ्यात, बाकी खंडाच्या आतल्या फ्लाइटची बोंबच आहे, आणि आफ्रिका घातली की पाचवा खंड म्हणून भाडं वाढतं. पण एक गोष्ट फार कामाची, वनवर्ल्डच्या हिशोबात इजिप्त आणि मोरोक्को हे आफ्रिकेत धरत नाहीत, युरोप-मिडल ईस्टमध्ये धरतात, त्यामुळे पिरॅमिड बघायचे असतील तर जादा खंडाचे पैसे लागत नाहीत. दोहा पण त्याच गटात येतं, आणि इथे मुंबईवाल्यांची गडबड होते, आपल्याला कतार एअरवेज जवळची वाटते म्हणून मुंबई-दोहा-टोकियो असा प्लॅन करतात, पण तसं चालत नाही कारण तुम्ही आशियातून निघून दुसऱ्या खंडात जाऊन परत आशियात आलात. दोहा जाताना ठेवा किंवा येताना ठेवा, दिशेप्रमाणे. आम्ही पूर्वेकडून निघालो म्हणून दोहा शेवटी आलं.

वनवर्ल्डचा उत्तर अमेरिकेतला एक नियम पण लक्षात ठेवा, पूर्व किनारा ते पश्चिम किनारा अशी थेट फ्लाइट एकदाच घेता येते. म्हणून आम्ही पश्चिमेकडूनच शिरलो. दिरांना एडिसनहून नेवार्क विमानतळ अगदी जवळ, आणि नेवार्क म्हणजे युनायटेडचा अड्डा, म्हणजे स्टार, ते शेवटपर्यंत म्हणत होते "वहिनी, नेवार्कचं बघा ना", पण आम्ही जेएफकेला उतरलो, अमेरिकन एअरलाइन्सची लॉस एंजेलिस-न्यूयॉर्क. अमेरिकेतल्या बहुतेक देशांतर्गत फ्लाइटवर बिझनेसच्या नावाखाली नुसती रुंद खुर्ची मिळते, या रूटवर मात्र सपाट होणारी सीट असते, त्यामुळे नवऱ्याच्या कमरेसाठी ती एकदाच मिळणारी फ्लाइट मी मुद्दाम इथे खर्च केली. युरोपातही तेच, तिथल्या छोट्या फ्लाइटवर बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचीच सीट आणि मधली रिकामी, त्यासाठी सेगमेंट घालवू नका, ट्रेनने जा.

आणि लंडनहून ट्रेनने निघायचं दुसरं मोठं कारण म्हणजे टॅक्स. ब्रिटनमधून लांबच्या फ्लाइटला बिझनेसने निघालात की एअर पॅसेंजर ड्यूटी माणशी २०० पौंडांच्या वर आहे. उतरायला काही नाही, निघायला आहे, आणि २४ तासांच्या आतला ट्रान्झिट असेल तरी लागत नाही. युरोस्टारने पॅरिसला गेलो आणि तिथून निघालो. फ्रान्सनेही मार्च २०२५ पासून बिझनेस क्लासवरचा टॅक्स वाढवलाय पण लंडनपेक्षा पुष्कळ कमी. एक मात्र आहे की ब्रिटनचा व्हिसा आणि शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) दोन्ही लागतात, ते आम्ही नाहीतरी काढणारच होतो.

भाड्याचा आकडा मी लिहीत नाही, कारण हेच तिकीट कुठल्या देशातून सुरू करता त्यावर भाडं बदलतं, तोच रूट, तीच विमानं, पण मुंबईहून, कोलंबोहून, टोकियोहून किंवा कैरोहून सुरू केलात तर भाडी वेगवेगळी. बरेच जण एक स्वस्त तिकीट काढून दुसऱ्या देशात जातात आणि तिथून राउंड द वर्ल्ड सुरू करतात. तरुण असाल तर जरूर करा. आम्ही मुंबईहूनच घेतलं कारण परत तिथेच संपवायचं, तिथून वेगळ्या तिकिटाने घरी यायचं, मधली फ्लाइट चुकली तर कोणी जबाबदार नाही, हे या वयात झेपत नाही. भारतातून काढत असाल तर एजंटकडून भाडं, फ्युएल सरचार्ज, टॅक्स असा फोडून हिशोब लेखी मागा. बिझनेस क्लासवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ टक्के झालाय, जुन्या कोटेशनवर विसंबू नका. पुण्यातल्या एका एजंटने आम्हाला सहा वेगवेगळी तिकिटं जोडून "हेच राउंड द वर्ल्ड" म्हणून दिलं होतं. वनवर्ल्डच्या साइटवर स्वतः रूट टाकून बघता येतो, तिथे चार खंडांच्या बिझनेस भाड्याला डीओएनई४ म्हणतात, एजंटला हा शब्द कळला की समजा तो कामाचा आहे.

विमानांबद्दल थोडं. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकची मुंबई-हाँगकाँग फ्लाइट चांगली, पण खरा आनंद हाँगकाँगच्या द पिअर लाउंजमध्ये, तिथे नूडल बार आहे आणि वेगळं टी हाउस, नवरा तिथून उठायलाच तयार नव्हता. जपान एअरलाइन्सची टोकियो-मेलबर्न फ्लाइट, सेवा इतकी शांत आणि नेमकी की मागावं लागत नाही. क्वांटासचं मेलबर्न-लॉस एंजेलिस लांबलचक, पण सीट पूर्ण सपाट, गादी अंथरून देतात, नवरा सलग सात तास झोपला, माझ्या दृष्टीने अख्ख्या तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले. कतारचं क्यूस्वीट म्हणजे दार लावून घ्यायची खोलीच, मात्र ते सगळ्या विमानांवर नसतं, बुक करताना सीट मॅप बघा. स्टारमध्येही कमी नाही हं, जपानच्या एएनए एअरलाइनची द रूम नावाची सीट आहे, एअर इंडियाच्या ए३५० मध्ये पण दारवाली सीट आहे १-२-१ अशी (एका रांगेत खिडकीशी एक, मध्ये दोन, पलीकडे एक), पण जिथे २-३-२ अशी जुनी रचना आहे तिथे मधल्या माणसाला उठायचं तर शेजाऱ्याला सांगूनच. तेव्हा एअरलाइन बघू नका, त्या रूटवर कुठलं विमान लागतं ते बघा.

व्हिसाचा क्रम पण महत्त्वाचा. आधी अमेरिकेचा, कारण अपॉइंटमेंटलाच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतोच. मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, शेंगेन, जपान. हाँगकाँगला भारतीय पासपोर्टवर व्हिसा नाही पण आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, फुकट आहे, १४ दिवसांपर्यंत राहता येतं, ती पावती छापून जवळ ठेवा, मुंबईला काउंटरवर मागतात. सगळे व्हिसे हातात येईपर्यंत तारखा पक्क्या मानू नका. तसंही तारीख बदलायला या तिकिटावर पैसे लागत नाहीत, फक्त त्याच बुकिंग क्लासमध्ये (तिकिटाच्या भाड्याच्या गटात) जागा पाहिजे. गाव बदललं की मात्र तिकीट परत काढावं लागतं आणि त्याचे पैसे लागतात. आम्ही मेलबर्नचा मुक्काम लांबवला, नातीचं शाळेतलं गॅदरिंग होतं, एका फोनवर काम झालं.

प्रवासावर बक्षीस म्हणून मिळणारे मैल जमा करताना सगळ्या फ्लाइट एकाच एअरलाइनच्या प्रोग्रॅममध्ये टाका, आम्ही कतारचं प्रिव्हिलेज क्लब घेतलं कारण पुढेही दोहावरून जाणं होणार. ज्यांना क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर पृथ्वी फिरायची होती त्यांच्यासाठी एएनएचं राउंड द वर्ल्ड अवॉर्ड (पॉइंटवर मिळणारं तिकीट) हा सगळ्यात लाडका पर्याय होता, ते २०२५ मध्ये बंद झालं, तेव्हा जुने व्हिडिओ बघून त्याच्या मागे लागू नका.

जेवणाबद्दल मला नेहमी विचारतात. आम्ही दोघं शाकाहारी. हिंदू मील मागवू नका, त्यात मांसाहार असतो, एशियन व्हेजिटेरियन किंवा जैन मील सांगा, आणि निदान २४ तास आधी. जपानी जेवण दिसायला फार सुंदर, पण भाजीतही माशाचा रस्सा असतो त्यामुळे ते लांबूनच बघा. आणि प्रत्येक एअरलाइनला वेगळं कळवावं लागतं, तिकीट एक असलं तरी तुमची जेवणाची नोंद पुढच्या एअरलाइनकडे आपोआप जाते असं समजू नका. तारीख बदलली की ती नोंद बहुतेकदा उडते, मेलबर्नहून निघताना मी पुन्हा फोन करून घातली, म्हणून लॉस एंजेलिसपर्यंत गरम पराठा आणि छोले मिळाले.