स्लीपरचा डिझेल हीटर ट्रकच्या मूळच्या व्हेंटना जोडला, हिवाळाभर वापरून काय वाटलं ते

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. काम फायद्याचं आहे, स्लीपरमध्ये (केबिनमागच्या झोपायच्या खोलीत) सगळीकडे बऱ्यापैकी सारखी ऊब मिळते, पण नुसता होज (लवचिक नळी) नेऊन मूळच्या डक्टमध्ये खुपसला आणि झालं असं हे प्रकरण नाही. आणि वरच्या बंकबद्दल (झोपायच्या वरच्या फळीबद्दल) माझी तक्रार अजून आहेच, ती पुढे.

माझ्या सेमीत (ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकमध्ये) खालच्या बंकखाली इंजिन बंद असतानाही चालणारा २ किलोवॅटचा एअर हीटर आहे, वेबास्टो किंवा एबरस्पेशर या कंपन्यांचे येतात त्याच साइजचा. त्याला एकच तोंड, तेही बंकच्या पायाशी. त्यामुळे अर्धी गरम हवा पडद्याखालून पुढे ड्रायव्हर सीटकडे पळायची, पाय तव्यावर ठेवल्यासारखे आणि उशीमागची भिंत गारठलेली, सकाळी त्या कोपऱ्यात गादीखाली हात घातला तर ओल लागायची. आणि गंमत म्हणजे त्याच कोपऱ्यात कंपनीने दिलेला व्हेंट आहे! पायाकडे एक आहे, वरच्या बंकला एक आहे. पण ते चालतात इंजिनच्या कूलंटवर, म्हणजे इंजिनमध्ये फिरणाऱ्या गरम पाण्यावर, इंजिन बंद केलं की थोड्या वेळात तिथून गार हवाच येणार.

इंजिन चालू ठेवून झोपा म्हणणारे बरेच भेटतात. हिशोब करा ना, आयडलिंगला तासाला साधारण ०.८ गॅलन डिझेल जातं, अमेरिकेत आपली ड्रायव्हरांची सक्तीची विश्रांती सलग १० तासांची, म्हणजे एका रात्रीत ८ गॅलन नुसतं उभं राहून. हीटर फुल्लवर चालला तरी तासाला पाव लिटरच्या आसपास पितो, म्हणजे अख्ख्या रात्रीत पाऊण गॅलनसुद्धा नाही. वर कॅलिफोर्नियात ५ मिनिटांपेक्षा जास्त आयडलिंग चालत नाही ते वेगळंच.

तर केलं काय, हीटरच्या ६० मिमीच्या तोंडापुढे वाय-पीस (एका वाटेचे दोन फाटे करणारा जोड) टाकला, एक फाटा जुन्या तोंडाला तसाच ठेवला आणि दुसरा मूळच्या डक्टला, फॅक्टरी ब्लोअरच्या (कंपनीच्या हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) पुढे जोडला. इथे खरी मेख आहे. हवा सोपी वाट धरते, आणि सगळ्यात सोपी वाट व्हेंटकडे जात नाही, ती उलटी फॅक्टरी ब्लोअरमधून मागे जाऊन बंकखालच्या रिटर्न जाळीतून बाहेर पडते. टिश्यू पेपरची पट्टी धरून बघितलं, उशीजवळच्या व्हेंटला पट्टी जेमतेम हलत होती आणि खाली जाळीपाशी धरली की फडफडायची. म्हणजे गादीखालचं सामान मस्त ऊबदार, माणूस गार. मग ब्लोअर आणि जॉइंटच्या मध्ये एक हलका लोंबता फ्लॅप बसवला, कडेला सिलिकॉन फोम, हीटर चालू असेल तर तो मागची वाट बंद करतो आणि फॅक्टरी ब्लोअर चालू केला की उलट हीटरकडची. त्यानंतर व्हेंटला पट्टी नीट उडायला लागली. हे फ्लॅपचं करणार नसाल तर बाकीची मेहनत करूच नका, सरळ सांगतो.

ऑनलाइन मागवलेल्या वाय-पीसमध्ये आतला फ्लॅप प्लास्टिकचा निघाला आणि पहिल्याच थंडीत वाकडा झाला, तो काढून धातूचा घातला. कारण फुल्लवर हीटरच्या तोंडाशी हवा १०० डिग्री सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. ट्रकचे डक्ट पातळ प्लास्टिकचे, त्यांना ती थेट द्यायची नाही, पहिला तुकडा हीटरसाठीचाच उष्णता सहन करणारा होज हवा, क्लॅम्प धातूचे हवेत. माझ्याकडे जॉइंटला फुल्लवर हात फार वेळ ठेवता येत नाही, पण डक्ट कुठे वाकलेला नाही, वासही नाही.

दुसरं, या हीटरचा पंखा लहान असतो, त्याला जोर नाही. प्रत्येक वळणाला हवा कमी होते आणि वाट कोंडली की ओव्हरहीट सेन्सर हीटर बंद पाडतो. म्हणून खालचं जुनं तोंड मी बंदच होऊ शकणार नाही असं ठेवलंय. सोबत दुसरा ड्रायव्हर असला की तो गरम होतंय म्हणून व्हेंट फिरवून बंद करतो, तेव्हा निदान एक वाट उघडी राहते.

थर्मोस्टॅटचंही बघायला लागतं. हीटरचा स्वतःचा सेन्सर हवा आत घेतो त्या बाजूला असतो, आणि बंकखालची पेटी आता होजमुळे आधीपेक्षा गरम राहते, त्यामुळे त्याला वाटतं खोली तापली आणि तो आपला मंद होऊन बसतो, आपण वर कुडकुडतोय. बाहेरचा सेन्सर लावायची सोय असते, वायर ओढून तो उशीच्या उंचीवर पण व्हेंटच्या झोतापासून लांब लावला. खर्च फार नाही आणि फरक मात्र फ्लॅपच्या खालोखाल याचाच.

खरी परीक्षा वायोमिंगमध्ये आय-८० हायवेवर. तिथलं लॅरमी शहर ७ हजार फुटांच्या वर, वारा असा की उभा ट्रक हलतो. तिथे उशीकडची भिंत कोरडी राहिली, गादीखालची ओल गेली. खोली तापायला मात्र आधीपेक्षा वेळ जास्त लागतो, कारण आधी होज आणि डक्ट तापतात मग आपण, त्यामुळे झोपायच्या बरंच आधी चालू करायचा. उंचीवर हवा विरळ, डिझेल तेवढंच, म्हणून काजळी लवकर धरते, त्यात रात्रभर मंद चालवला तर आणखी. मी अधूनमधून अर्धा तास फुल्लवर चालवतो. आणि बंद केल्यावर पंखा काही मिनिटं फिरतो तो फिरू द्यायचा, बॅटरीचा मेन स्विच लगेच ओढायचा नाही, नाहीतर आतली उष्णता आतच.

एक्झॉस्टला आणि ज्वलनाची हवा घेणाऱ्या नळीला हातसुद्धा लावलेला नाही, त्या फ्लोअरखालून जातात तशाच. या सगळ्या उद्योगात फक्त खोलीत फिरणाऱ्या हवेची बाजू बदलते. तरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पाहिजेच, माझा उशीपासून हाताच्या अंतरावर आहे. ट्रक लीजवर असेल तर आधी लेखी विचारून घ्या.

आवाज कमी झाला, पायाशी जो घोंगाट असायचा तो वेगवेगळ्या ठिकाणी वाटला गेला. डिझेल पंपाची टिकटिक तशीच.

आता वरचा बंक. तिथपर्यंत डक्ट लांब, दोन काटकोनी वळणं, हवा पोचते पण कोमट आणि हळू. गरम हवा आपोआप वर चढते म्हणून वर झोपणारा गारठत नाही हे खरं, पण तो व्हेंट जोडण्यात फार अर्थ नव्हता असं आता वाटतं, त्याऐवजी ती हवा खाली पायाकडे दिलेली बरी. फ्लॅट रूफ, छोटा स्लीपर असेल तर हा खटाटोप नको, एक तोंड पुरतं. लांब स्लीपर असेल तर करा. माझ्याकडे गादीखालून जाणाऱ्या होजवर इन्सुलेशन चढवायचं राहिलंय, पुढच्या थंडीआधी ते करून वरचा फाटा बंद करून बघणार आहे.