भंडारदरा, सहकुटुंब, सायकलवर: रस्ता पहिला नंबर, भाड्याची सायकल काठावर पास

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी दोन रात्री तंबूत, जेवण तिथेच, सायकली मुंबई-पुणे-नाशिकहून टेम्पोत भरून आणलेल्या आणि सोबत एखादा 'ट्रेल लीडर'. असे पॅकेज हल्ली बरेच आयोजक देतात. त्यातला परिसर उत्तम आणि जेवण चांगले असते, तंबू चालून जातो. घोडे अडते ते मुलांच्या सायकलीपाशी. त्यामुळे पॅकेज घेताना तंबूचे फोटो कमी पाहा आणि सायकलींविषयी जास्त विचारा.

आधी रस्ता. शेंडी गावातून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फिरून पुन्हा शेंडीत येतो. पूर्ण फेरी 45 किमीच्या आसपास. एकच मोठा घाट नाही, पण सपाटीही नाही. ओढ्यात उतरायचे, लगेच चढायचे, असे दिवसभर. मोठ्यांना याचे काही वाटत नाही. दहा वर्षांचे मूल मात्र अशा रस्त्यावर ताशी आठ-दहा किमीच्या वर टिकत नाही. थांबे धरले तर पूर्ण फेरी म्हणजे त्याला सकाळ ते संध्याकाळ खोगिरावर बसवणे झाले. 'फुल लेक सर्किट' एका दिवसात बसवणारे पॅकेज मुलांसाठी आखलेले नसते. ते मोठ्यांचेच, त्यात मुलांचे तिकीट जोडलेले.

जमणारी विभागणी अशी. पहिल्या दुपारी शेंडी ते मुरशेत आणि परत. गिअर, ब्रेक, सीटची उंची यांची खोड तेवढ्यात कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघून दक्षिणेच्या बाजूने रतनवाडी, वीसेक किमी. अमृतेश्वराचे देऊळ आणि पुष्करणी पाहून, गावात भाकरी-पिठले खाऊन सायकली टेम्पोत टाकायच्या. तिसऱ्या दिवशी गाडीने घाटघरला जायचे, कोकणकड्यावर उभे राहायचे आणि तिथून साम्रदपर्यंत सायकल. 'सपोर्ट टेम्पो दिवसभर मागे असतो की फक्त ने-आण करतो?' हे बुकिंगच्या आधी विचारा. नुसती ने-आण असेल तर ही विभागणी कोलमडते.

आता सायकल. मुलाच्या वयावरून सायकल ठरवणारा आयोजक पाहिला की सावध व्हावे. माप उंचीचे असते. साधारण 115 ते 135 सेंमीला 20 इंची चाक, 135 ते 150 ला 24 इंची, त्यापुढे 26 किंवा 27.5. मूल दोन्ही पाय टेकवून उभे राहिले की वरच्या नळीत आणि त्याच्यात किमान पाच सेंमी फट हवी. 'थोडी मोठी चालेल, वाढतं अंग आहे' हा न्याय शाळेच्या गणवेशाला ठीक. खडीच्या उतारावर अचानक थांबायचे असते आणि तिथे पाय जमिनीला पोचला नाही तर मूल आडवे होते.

वजनाकडे तर कुणी पाहतच नाही. पुढे शोभेचा स्प्रिंग फोर्क (चाक धरणारा स्प्रिंगवाला चिमटा) लावलेली 24 इंची लोखंडी सायकल सहज पंधरा किलो भरते. तीस किलोच्या मुलाला ती म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्मी. ओढ्याच्या चढावर मूल रडकुंडीला येते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. घरी अॅल्युमिनियम फ्रेमची, बिनस्प्रिंगची साधी सायकल असेल तर तीच न्या. भाड्याच्या 'सस्पेन्शन'वाल्या धुडापेक्षा ती शतपटीने बरी.

सायकल हातात आली की पहिल्या दहा मिनिटांत या गोष्टी पाहून घ्या. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत, 50-60 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप), ठासलेली असते. पंपवाल्याला तेच सोपे. दोन इंची टायर, आत ट्यूब आणि तीस किलोचे मूल असेल तर 20-22 पीएसआय पुरते, सत्तर किलोच्या माणसाला 28-32. जास्त हवेने चाक खडीवर टणाटण उडते, पकड जाते आणि हाताला मुंग्या येतात. फार उतरवली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटून शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. एकच बारीक भोक असेल तर काटा. बाभळीचा किंवा बोराटीचा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून तो काढला नाही तर दुसरी ट्यूबही शंभर मीटरवर बसते.

ब्रेकची दांडी मुलाच्या बोटांच्या पेऱ्यांना लागायला हवी. नखांना लागून उपयोग नाही. बहुतेक दांड्यांवर ती हँडलकडे ओढणारा बारीक स्क्रू असतो. साध्या अॅलन कीचे किंवा स्क्रूड्रायव्हरचे दोन मिनिटांचे काम, पण मुद्दाम सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. डिस्क ब्रेक किंचाळत असेल आणि धरत नसेल तर साखळीवर मारलेला तेलाचा फवारा डिस्कवर उडालेला आहे असे समजा. पॅडने तेल प्यायले की नुसते पुसून भागत नाही. ती सायकल बदलून मागा.

टेम्पोत सायकली एकमेकींवर आडव्या रचतात. त्यात मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) खाली दबला की तो ज्यावर टांगलेला असतो तो हँगर आत वाकतो. सपाटीवर कळत नाही. चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर चाकाच्या तारांत जातो आणि सुट्टी तिथेच संपते. म्हणून मागचे चाक उचलून, पेडल हाताने फिरवत मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर साखळी न्या आणि डिरेलर तारांना घासत नाही ना, हे मागून पाहा. लीडरच्या पिशवीत प्रत्येक मापाच्या दोन ट्यूब, साखळीची जोडकडी आणि जादा हँगर आहे का, हेही विचारा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा. तो शेंडीत काय, राजूरलाही मिळेलच असे नाही.

हेल्मेट मात्र स्वतःचेच न्या. भाड्याच्या हेल्मेटचे थर्माकोल आतून तडकलेले असले तरी वरून दिसत नाही.

सायकल सोडून बाकीचे उद्योग. कळसूबाई, 1646 मीटर, बारी गावातून लोखंडी शिड्यांची वाट. दहाच्या वरच्या मुलांना जमते, पण सायकलच्या दुसऱ्या दिवशी नको, मांड्या भरलेल्या असतात. साम्रदच्या सांदण दरीत सुरुवातीच्या टप्प्यापर्यंत मुलांना नेता येते. तिथल्या पाण्याची पातळी स्थानिक वाटाड्याला विचारूनच उतरा. पुढे दोरांचे काम आहे, ते कुटुंबाच्या सहलीत घुसडू नये. कयाक असेल तर लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहा. ते कानापर्यंत आले तर माप मोठे. आणि पोहणे नाहीच. काठ गाळाचा आहे, कुठे एकदम खोल होईल याचा नेम नाही.

हा गाळ सायकललाही नडतो. शेतीसाठी आवर्तने सुटतात तसे पाणी उतरत जाते आणि उन्हाळ्याकडे काठाला भेगाळलेली सपाट जमीन उघडी पडते. सायकलसाठीच केल्यासारखी वाटते, पण कडक पापुद्र्याखाली चिखल ओला असतो आणि पुढचे चाक रुतते. गुरांच्या पाऊलवाटेवरूनच चालवा. भातखाचरांच्या बांधांवर कुणी 'सिंगल ट्रॅक' म्हणून नेत असेल तर नकार द्या. बांध फुटला तर भुर्दंड शेतकऱ्याला. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. वनखात्याच्या नाक्यावरचे शुल्क पॅकेजमध्ये धरले आहे का, ते आधीच विचारून घ्या.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्री चांगलीच थंडी पडते आणि तंबूतली पातळ गादी खालची गारठ अडवत नाही, तेव्हा खाली घालायला फोमची चटई न्या. पावसाळ्यात घाटघरला नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही, तेव्हा मुलांना सायकलवर काढू नये. काजव्यांचे दिवस मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. रस्त्यावर गाड्यांची रीघ असते, त्यामुळे सायकल नकोच.

तंबूचा दर दोन जेवणांसह माणशी साधारण हजार ते दीड हजार, सायकल वेगळी. स्वतःच्या सायकली न्यायच्या असतील तर रेल्वेने कसारा-इगतपुरीला उतरण्यापेक्षा सरळ गाडीने घोटीमार्गे या. परतताना टेम्पोत भरणाऱ्यांना सांगून डिरेलरची बाजू वर ठेवा आणि पेडल व तारांच्या मध्ये जुनी गोधडी घाला.