गाडी रात्रभर रस्त्यावरच असते, मग चार्ज कुठे करायची? दिव्याचा खांब, वेगळा चार्जर, पदपथातली खाच की फास्ट चार्जर

ज्यांना घरी हक्काचं पार्किंग आहे त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक गाडी हा सरळ मामला असतो. रात्री प्लग लावला, सकाळी काढला. ज्यांची गाडी रस्त्याच्या कडेला, मिळेल त्या जागी उभी राहते त्यांचं घोडं मात्र इथेच अडतं. गाडी आवडलेली असते, परवडणारीही असते, पण पाचव्या मजल्यावरून खाली वायर सोडता येत नाही.

तुमच्या गल्लीने एकत्र येऊन नगरपालिकेकडे चार्जिंगची मागणी करायची ठरवली असेल, किंवा असा अर्ज तुमच्याच टेबलावर येऊन पडला असेल, तर समोर ढोबळमानाने चार पर्याय असतात. दिव्याच्या खांबावर सॉकेट बसवणं, पदपथाच्या कडेला वेगळा चार्जर उभा करणं, घरची केबल पदपथातल्या खाचेतून गाडीपर्यंत आणणं, किंवा जवळपास फास्ट चार्जरचं केंद्र उभारणं.

अशा बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वेळात फुल होते?" रहिवाशांच्या बाबतीत मला हा प्रश्नच बिनकामाचा वाटतो. विचारायचं ते हे, की गाडी एका जागी उभी किती तास असते. संध्याकाळी सात ते सकाळी आठ उभी राहणाऱ्या गाडीला घाई कसली?

आकड्यांत बघू. साधारण आकाराची इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा किलोमीटरच्या आसपास जाते. रोजचा प्रवास 36 किलोमीटर धरला, तर लागतात सहा युनिट. सगळ्यात हळू सॉकेट म्हणजे 16 अँपिअरचं, सुमारे 3.7 किलोवॉटचं. त्यावर हे काम दोन तासांच्या आत होतं. तीच गाडी दहा तास लावून ठेवली तर 37 युनिट मिळतात. थोडी गळती वजा केली तरी दोनशे किलोमीटरची सोय झाली. म्हणजे रोज लावायचीही गरज नाही, आठवड्यातून एक-दोन रात्री पुरतात. हा हिशोब डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

दिव्याचा खांब

खांबाच्या पायथ्याशी एक छोटं दार असतं. आत फ्यूज असतो आणि वर दिव्याकडे जाणारी वायर. वीज तिथपर्यंत आधीच आलेली आहे, आणि या पर्यायाचा सगळा जीव त्यातच आहे. रस्ता खणायला नको, नवी जोडणी नको, पदपथावर नवा अडथळाही नको. जुन्या सोडियम दिव्यांच्या जागी एलईडी आले तेव्हा त्याच तारांवर बरीच क्षमता मोकळी झाली. लॉस एंजेलिसने 2016 पासून रस्त्यावरच्या दिव्यांना चार्जर जोडायला सुरुवात केली, त्याला या बचतीचा मोठा आधार होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात सदरलँड अव्हेन्यूवर 2020 मध्ये 24 खांबांवर सॉकेट बसली आणि एक अख्खा रस्ताच चार्जिंगचा झाला. ती बसवण्यात सीमेन्सच्या जोडीला यूबिट्रिसिटी होती, बर्लिनमध्ये सुरू झालेली आणि 2021 मध्ये शेलने विकत घेतलेली कंपनी.

या कंपनीची सुरुवातीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांना सहसा मीटर नसतो, किती दिवे किती तास जळतात यावरून बिल काढतात. मग गाडीने खाल्लेली वीज मोजायची कशी? त्यांनी मीटर चक्क ग्राहकाच्या केबलमध्ये घातला. ग्राहक आपला मीटर डिकीत घेऊन फिरे. पुढे मोजणी सॉकेटमध्येच होऊ लागली.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, खांब उभा कुठे आहे. पदपथाच्या रस्त्याकडच्या कडेला असेल तर उत्तम. भिंतीकडे असेल तर केबल पदपथावर आडवी पडणार, आणि कुणीतरी अडखळणार. अशा ठिकाणी खांबातून जमिनीखालून वीज आणून कडेला गुडघाभर उंचीचा खुंट बसवतात. चालतं, पण मग थोडं खणणं आलंच. दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. एकाच तारेवर दहा खांब असतील तर दहाही खांबांवर सॉकेट बसतील असं नाही. तार जुनी आणि बारीक असेल तर दोन-तीनवरच गाडं थांबतं. हे विजेचा माणूस दार उघडून बघेपर्यंत कळत नाही, म्हणून "सगळे खांब करून देतो" असं सर्वेक्षणाआधीच सांगणाऱ्या कंत्राटदाराकडे जरा संशयानेच बघावं.

वेग 3.7 ते 5.5 किलोवॉट. वर सांगितलेला हिशोब आठवा: रात्रीसाठी पुरेसा.

कडेला उभा केलेला वेगळा चार्जर

हा कमरेएवढा ते छातीएवढा उंच डबा. बहुतेक वेळा त्याला दोन सॉकेट असतात, वेग 7, 11 किंवा 22 किलोवॉट. इथे एक गैरसमज आधी दूर करतो. एसी चार्जर, म्हणजे घरात येते तशीच वीज गाडीला देणारा, हा खरं तर हुशार स्विच असतो, खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. गाडीची क्षमता सात किलोवॉट घेण्याची असेल, तर 22 च्या डब्यावरही ती सातच घेणार. तेव्हा 22 साठी जास्तीचा खर्च करण्याआधी आपल्या गल्लीतल्या गाड्या घेतात किती, ते विचारा.

या पर्यायात नेदरलँड्सचा हात कुणी धरू शकत नाही. देशभर एक लाखाहून जास्त सार्वजनिक चार्जिंग पॉइंट आहेत आणि त्यात निवासी गल्ल्यांमधल्या साध्या एसी चार्जरच्या खांबांचा भरणा मोठा आहे. तिथल्या अनेक शहरांची पद्धत अशी की खांब गाडीच्या मागून येतो. पार्किंग नसलेल्या रहिवाशाने इलेक्ट्रिक गाडी घेतली, अर्ज केला, चालत जाण्याच्या अंतरात मोकळा चार्जर नसेल तर नवा बसवायचा. यामुळे चार्जर धूळ खात पडत नाहीत. उलट बाजू ही, की "आधी चार्जर दिसू दे, मग गाडी घेतो" म्हणणारा माणूस ताटकळत राहतो. म्हणून वापराचे आकडे बघून काही खांब आधीच बसवण्याकडेही ती शहरं वळली.

खांबावरच्या सॉकेटपेक्षा हे काम जड आहे. खणायचं, वीज कंपनीची नवी जोडणी घ्यायची, रस्ता पुन्हा भरायचा. आणि पदपथाची रुंदी खायची. व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी डब्याच्या बाजूने जाते का, हे नकाशावर बघून कळत नाही, तिथे उभं राहून टेप लावावी लागते. ब्रिटनने 2022 मध्ये पीएएस 1899 नावाचं मानक काढलं ते अपंग व्यक्तींना चार्जर वापरता यावा यासाठी. पदपथ अरुंद असेल तर डबा पदपथावर न ठेवता पार्किंगच्या पट्ट्यातच छोटा ओटा बांधून त्यावर ठेवणं जास्त शहाणपणाचं.

केबल कुणाची, हाही प्रश्न आहे. युरोपात एसी चार्जरला बहुधा नुसतं सॉकेट असतं, केबल ज्याची त्याची. कटकट कुणाला? ज्याला पावसात रात्री अकरा वाजता डिकीतून ती बाहेर काढायची आहे त्याला. सकाळी तीच केबल चिखल लागलेली, थंडगार, सापासारखी ताठ झालेली असते आणि गुंडाळता गुंडाळता शर्टाच्या बाह्या भिजतात. डिकीत प्लास्टिकचं एक घमेलं ठेवावं, फार उपयोगी पडतं. अमेरिकेत केबल चार्जरलाच जोडलेली असायची पद्धत आहे. त्यात सोय आहे, पण तांब्यासाठी केबल कापून नेणाऱ्यांचीही सोय आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या मेलरोझ गावाने विजेच्या लाकडी खांबांवर उंचावर चार्जर लावले, केबल हवी तेव्हा खाली येते. ब्रुकलिनच्या इट्स इलेक्ट्रिकने उलटा विचार केला: वीज शेजारच्या इमारतीच्या जोडणीतली शिल्लक क्षमता वापरून घ्यायची, मालकाला उत्पन्नात वाटा द्यायचा, आणि केबल ज्याची त्याने आणायची. वीज कंपनीच्या नव्या जोडणीसाठी महिनोन् महिने थांबावं लागणाऱ्या शहरात ही कल्पना मला फार पटते.

पदपथातली खाच

तळमजल्यावर राहणाऱ्या, दारासमोरच गाडी लावणाऱ्या माणसासाठी हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पदपथात अरुंद पन्हळ बसवायची, घरच्या चार्जरची केबल तीत दाबायची. ऑक्सफर्डने याच्या चाचण्या घेतल्या आणि ब्रिटनमधल्या बऱ्याच पालिका आता परवानगी देतात. वीज घरच्या दराने मिळते, रात्रीचा सवलतीचा दर असेल तर तोही. ब्रिटनमध्ये घरगुती विजेवर 5 टक्के कर आणि सार्वजनिक चार्जिंगवर 20 टक्के, हा वाद कित्येक वर्षं धुमसतो आहे. पार्किंग नसलेल्यालाच जास्त कर का, या प्रश्नाला पन्हळ हे खासगी उत्तर आहे.

पण पन्हळ बसवली म्हणून समोरची जागा तुमची होत नाही. रस्ता सगळ्यांचाच. शेजाऱ्याच्या पाहुण्याने गाडी लावली की तुमची पन्हळ कोरडी. शिवाय वरच्या मजल्यांवरच्यांना तिचा काडीचा उपयोग नाही. बैठ्या घरांची गल्ली असेल तर जरूर मागा, उंच इमारतींची असेल तर हा मुद्दा बैठकीत काढूही नका. आणि खाच न करता रबरी पट्टीखालून केबल नेणं म्हणजे पहिला माणूस पडेपर्यंतची तडजोड.

फास्ट चार्जरचं केंद्र

50 किंवा 150 किलोवॉटचे डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या पोटातला चार्जर वगळून थेट बॅटरीत वीज भरणारे. फोटो काढायला आणि फीत कापायला हे छान दिसतात. एक 150 चा चार्जर जेवढा भार मागतो, तेवढ्या भारात 3.7 किलोवॉटची चाळीस सॉकेट चालतात. चाळीस गाड्या रात्रभर निवांत, की एक गाडी अर्ध्या तासात? निवासी गल्लीसाठी उत्तर द्यायलाच नको.

तरी केंद्र निरुपयोगी नाही. टॅक्सीवाले, सामान पोचवणारे, अचानक लांब जावं लागणारे यांना तेच लागतं. गल्लीत रात्री सॉकेट मिळालं नाही, तर जवळ एक केंद्र आहे हा धीर गाडी घेताना मोठा असतो. फक्त त्यावरच विसंबायचं असेल तर लक्षात घ्या: युनिटमागे दर चढा असतो, 80 टक्क्यांनंतर वेग मंदावतो, आणि दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास तिथे बसून काढावा लागतो. खिडकीखाली असेल तर पंख्यांचा आवाजही.

भांडण विजेवरून होत नाही, जागेवरून होतं

चार्जरसमोरची जागा इलेक्ट्रिक गाड्यांसाठी राखीव ठेवायची का? राखली नाही तर पेट्रोलची गाडी येऊन बसते. राखली तर गल्लीत सात पेट्रोल गाड्यांमागे एक इलेक्ट्रिक असताना एक जागा कमी होते, आणि चार्जरचं नाव काढलं तरी लोक दार लावून घेतात. लंडनमध्ये खांबांवरची बरीच सॉकेट राखीव जागेशिवायच चालतात. नेदरलँड्समध्ये जागा राखतात. माझं मत: खांबांवरची सॉकेट भरपूर आणि राखीव नसलेली, वेगळा चार्जर असेल तिथे मात्र सुरुवातीला एक जागा राखीव, वापर वाढला की दुसरी.

दुसरा तंटा, चार्ज झालेली गाडी न हलवणाऱ्यांचा. डच भाषेत त्याला शब्दच आहे, लाडपालक्लेव्हन, म्हणजे चार्जिंगच्या खांबाला चिकटून बसणं. यावर जादा वेळेचा दंड लावतात, आणि दिवसा तो रास्तच आहे. रात्री मात्र लावू नये. पहाटे तीनला अंगावर शाल घेऊन गाडी हलवायला कोण उतरणार? आणि उतरला तरी दुसरी जागा मिळेल कुठे?

कंत्राटात काय लिहून घ्यायचं, याकडे फार कमी लोक बघतात. ब्रिटनच्या 2023 च्या नियमांनी 99 टक्के वेळ चालू राहण्याची अट घातली ती 50 किलोवॉट आणि त्यावरच्या चार्जरच्या जाळ्यांना. गल्लीतलं हळू सॉकेट त्यातून निसटतं, म्हणून दुरुस्तीची मुदत आणि दंड करारातच हवा. तीन आठवडे बंद पडलेलं सॉकेट म्हणजे लोकांना पुन्हा पेट्रोलकडे वळवायची सोय. पैसे भरायला सदस्यत्व सक्तीचं नसावं. युरोपियन युनियनमध्ये 13 एप्रिल 2024 पासून नव्या सार्वजनिक चार्जरवर तशी सोय बंधनकारक आहे. आणि भार सांभाळायची सोय आधीपासून मागा. संध्याकाळी सगळे घरी येतात, चुली पेटतात, गाड्याही प्लगला लागतात. ॲम्स्टरडॅमने फ्लेक्सपॉवर प्रकल्पात त्या वेळात चार्जिंग मंद करून नंतर वाढवून पाहिलं. रात्रभर उभ्या गाडीला त्याचा फरक कळतही नाही, कोपऱ्यावरच्या डीपीला मात्र कळतो.

मी अर्ज लिहीत असतो तर खांब रस्त्याच्या कडेला असलेल्या गल्लीत डोळे झाकून खांबांवरची सॉकेट मागितली असती, पाच-सहा गाड्यांमागे एक या हिशोबाने. खांब भिंतीकडे असतील आणि पदपथ रुंद असेल तर सात किलोवॉटचे दोन सॉकेटवाले चार्जर. पदपथ अरुंद, घरं बैठी, तर पन्हळीची परवानगी. फास्ट केंद्र वस्तीबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर, या सगळ्याच्या जोडीला.

अर्ज करण्याआधी एखाद्या रात्री अकराच्या सुमारास गल्लीतून एक चक्कर मारा. कडेला किती गाड्या उभ्या आहेत ते मोजा, प्रत्येक खांब कुठल्या बाजूला आहे ते टिपा. खांबांवर बहुतेक ठिकाणी क्रमांकाची छोटी पाटी असते. अर्जात "आमच्या गल्लीत चार्जिंग हवं" असं न लिहिता ते क्रमांकच लिहा, म्हणजे दार उघडून बघायला माणूस नेमक्या खांबापाशी येईल.