फ्रॉस्ट मेज घेऊन ड्युएल: काही महिन्यांच्या वापरानंतर

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या क्लासिक एरा (जुन्या रूपातल्या) सर्व्हरवर गेल्या पावसाळ्यापासून मी अनडेड वंशाचा मेज, म्हणजे जादूगार, खेळतोय. त्यातला बहुतेक वेळ ऑर्ग्रिमार शहराच्या दरवाजाबाहेर ड्युएल, म्हणजे एकास एक लढती, करण्यात जातो. मूळ गेम 2004 चा, क्लासिक म्हणून तो 2019 मध्ये परत आला. तरीही एकास एक लढतीत जादूगार खेळवताना डोक्याला जेवढं काम इथे मिळतं, तेवढं मला दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये मिळालेलं नाही.

आधी व्यवहाराचं बोलतो. क्लासिकसाठी वेगळा गेम विकत घ्यावा लागत नाही, मासिक वर्गणीत तो येतो. जुन्या लॅपटॉपवरही व्यवस्थित चालतो. मात्र लेव्हल 60 गाठेपर्यंत ड्युएलच्या निकालावरून काही ठरवू नये. अर्ध्याअधिक टॅलेंट (लेव्हलबरोबर मिळणारी कौशल्यं) हातात नसताना कोण जिंकलं याला फारसा अर्थ नसतो.

इंटरनेटबद्दल नाशिककरांनी एवढं लक्षात घ्यावं. इंदिरानगरातून युरोपच्या सर्व्हरवर मला दीडशे मिलिसेकंदांच्या वरच पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) मिळतो. समोरच्याचा कास्ट (मंत्र टाकणं) आपल्याला उशिरा दिसतो आणि आपण दाबलेलं बटणही तिकडे उशिरा पोहोचतं. पण पिंग स्थिर असेल तर त्याची सवय होते. खरा त्रास तो मध्येच वर-खाली झाला की होतो. वायफाय सोडून लॅन केबल लावली तेव्हा माझे काउंटरस्पेल (समोरच्याचा मंत्र तोडणारा मंत्र) वेळेवर बसायला लागले. राउटर छोट्या यूपीएसवर ठेवा. पावसात वीज गेली की ड्युएल तिथेच संपतं, आणि पहिल्या दोन पावसांतच हा खर्च वसूल होतो.

आता खेळाकडे. माझे टॅलेंट आर्केन, फायर आणि फ्रॉस्ट या मेजच्या तीन शाखांत 17/0/34 असे आहेत. आर्केनमधले 17 मुख्यतः सुधारित काउंटरस्पेलसाठी आणि बाकी सगळे फ्रॉस्टमध्ये, म्हणजे आइस बॅरियर मिळतो. बॅरियरचं महत्त्व फक्त तो मार शोषतो एवढंच नाही. तो अंगावर असेपर्यंत मार बसला तरी आपला कास्ट मागे सरकत नाही. रोग (rogue, लपून हल्ला करणारा वर्ग) समोर असताना फ्रॉस्टबोल्ट (फ्रॉस्टचा मुख्य मंत्र) पुरा होणार की नाही, हे बऱ्याचदा यावरच ठरतं.

नवीन मेज सहसा नुकसानीच्या आकड्यांमागे लागतात. ड्युएलमध्ये माझ्या मते महत्त्वाचा हिशेब वेगळा असतो: समोरच्याकडची सुटकेची आणि अडवण्याची साधनं आधी संपवायची, आपली राखून ठेवायची. भाजीबाजारात पहिला भाव जो बोलतो तो अडकतो, तसंच इथे आहे. रोगने चीप शॉट या स्टनने (काही सेकंद हलू न देणारा फटका) गाठलं की हात आपोआप ब्लिंककडे (झटक्यात पुढे नेणारा मंत्र) जातो, कारण ब्लिंक स्टनमधून सोडवतो. पण चीप शॉट 4 सेकंदांचा आहे आणि त्याच्यामागून येणारा किडनी शॉट पाच कॉम्बो पॉइंटवर (आधीच्या फटक्यांनी साठणारे) 6 सेकंदांचा. ब्लिंकचा कूलडाउन (पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) 15 सेकंद. पहिला स्टन सोसायचा आणि ब्लिंक दुसऱ्यासाठी ठेवायचा. अंबडला माझ्याबरोबर काम करणारा मित्र रोग खेळतो. मी चीप शॉटमध्ये शांत उभा राहायला लागल्यापासून त्याची सगळी मांडणी बदलली आहे. आता तो किडनीआधीच माझा ब्लिंक काढून घ्यायला बघतो, आणि लढत दुप्पट लांबते.

मेज विरुद्ध मेज हा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो. काउंटरस्पेल चालू कास्ट तोडतो आणि त्या कास्टची स्कूल (जादूचा प्रकार) 10 सेकंद बंद करतो. म्हणजे कुठला कास्ट आमिष म्हणून दाखवायचा, हेच खरं कौशल्य. फ्रॉस्टबोल्टवर पकडले गेलात तर फ्रॉस्ट नोव्हा, आइस बॅरियर, आइस ब्लॉक (काही वेळ मार लागू न देणारा बर्फ), सगळं एकदम कुलूपबंद होतं. पॉलिमॉर्फवर (समोरच्याला मेंढी करणारा मंत्र) पकडले गेलात तर आर्केन जाते, आणि ब्लिंक आर्केनमध्येच आहे. त्यामानाने स्कॉर्च या फायरच्या मंत्रावर काउंटर खाल्ला तर फक्त फायर जाते, आणि फ्रॉस्ट मेजला फायर गेल्याचं फारसं दुःख नसतं. म्हणून मी सुरुवात बऱ्याचदा स्कॉर्चने करतो. समोरचा जाणकार असेल तर तो स्कॉर्च पुरा होऊ देतो, हलत नाही. मग फ्रॉस्टबोल्ट सुरू करायचा आणि अर्ध्यावर एक पाऊल टाकून तोडायचा. त्याने घाईने काउंटर टाकला तर 10 सेकंदांच्या कुलपाऐवजी आपल्याला फक्त सुधारित काउंटरस्पेलचा 4 सेकंदांचा सायलेन्स बसतो. त्यानंतर त्याच्या काउंटरचा 30 सेकंदांचा कूलडाउन पूर्ण आपला.

त्या 30 सेकंदांत काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं. फ्रॉस्ट नोव्हाने गोठवायचं, थोडं अंतर घ्यायचं, फ्रॉस्टबोल्ट सोडायचा आणि तो हवेत असतानाच फायर ब्लास्ट. पुरे पाच पॉइंट असतील तर शॅटर हा टॅलेंट गोठलेल्या शत्रूवर क्रिटची (जादा मार बसण्याची) शक्यता 50 टक्क्यांनी वाढवतो. दोन्ही फटके क्रिट बसले की समोरच्याला आइस ब्लॉक काढावाच लागतो. काउंटरस्पेलच्या मॅक्रोत (एका बटणावर बांधलेल्या आदेशांत) वर स्टॉपकास्टिंगची ओळ नक्की घाला. नाहीतर आपलाच कास्ट चालू असताना काउंटर निघत नाही आणि ऐन वेळी हात रिकामा राहतो.

पॉलिमॉर्फचा वापर बहुतेक लोक चुकीच्या वेळी करतात. मेंढी झालेला खेळाडू भराभर बरा होतो. त्यामुळे त्याचं रक्त (हेल्थ) अर्ध्यावर आणलं असताना मेंढी करणं म्हणजे केलेलं काम पुसणं. त्याचं रक्त भरलेलं आणि आपलं कमी असेल तेव्हाच ते करावं, आणि तेवढ्या वेळात बँडेज बांधून घ्यावी. हेवी रुनक्लॉथ बँडेज 8 सेकंदांत 2000 रक्त परत देते. प्रत्येक पुढची मेंढी निम्म्या वेळेची होते आणि चौथ्यांदा ती लागतच नाही. 15 ते 20 सेकंद मध्ये गेले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

वॉरियरबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. त्याला अंतरावर ठेवता आलं तर फ्रॉस्ट मेज जिंकतो. शमनशी मात्र बारकाईने खेळावं लागतं. त्याचा ग्राउंडिंग टोटेम आपला एक मंत्र गिळतो, मग तो काउंटरस्पेल का असेना. टोटेम (जमिनीत रोवलेला जादूचा खांब) दिसला की रँक 1 चा, म्हणजे सगळ्यात खालचा, फ्रॉस्टबोल्ट सोडावा. 1.5 सेकंदांचा कास्ट, नावापुरता माना (मंत्रशक्तीचा खर्च), आणि टोटेम गेला. आइस बॅरियर मात्र शमन पर्ज या मंत्राने काढतोच. त्यामुळे शमनसमोर बॅरियर आधीपासून लावून ठेवण्यात अर्थ नाही. शमन त्याचा कास्ट तोडणारा ‘अर्थ शॉक’ मंत्र टाकून मोकळा झाला की लावावा.

आणि वॉरलॉक. पंचवटीतला माझा मावसभाऊ वॉरलॉक खेळतो आणि सगळ्यात जास्त मार मला त्याच्याकडून बसतो. त्याचा पाळीव राक्षस, फेलहंटर, माझा बॅरियर खातो, मालकावरची मेंढी खातो आणि वर स्पेल लॉकने माझा कास्टही तोडतो. व्हॉइस चॅटवर तो आधीच सांगतो, "दादा, काउंटर गेला ना? आता बघ." आणि फिअर (घाबरवून पळायला लावणारा मंत्र) येतो. अनडेडला विल ऑफ द फोर्सेकन आहे म्हणून एक फिअर सुटतो, पण त्याचा कूलडाउन 2 मिनिटांचा. माझा अनुभव असा की काउंटरस्पेल त्याच्या शॅडोबोल्टवर कधीच खर्च करू नये, फिअरसाठीच ठेवावा. दोन्ही शॅडोच असले तरी शॅडोबोल्टचा मार बॅरियर झेलतो, फिअर झेलत नाही. फिअरवर शॅडो बंद झाली की 10 सेकंद त्याच्याकडे फायरचेच मंत्र उरतात.

ड्युएलसाठी कपडे निवडताना स्टॅमिना (रक्त वाढवणारा गुण) आधी बघा, स्पेल डॅमेज नंतर. आम्ही एकमेकांशी ड्युएल करणाऱ्या चौघांत पोशन आणि इंजिनीअरिंगची साधनं बंद आहेत. ग्रेनेडच्या स्टनने जिंकलेल्या लढतीतून कुणालाच काही शिकायला मिळत नव्हतं. रविवारी मिसळीला जमतो तेव्हा निम्मा वेळ कुणी कुठला कूलडाउन का वापरला यावरच जातो, आणि माझा खेळ सुधारला तो मुख्यतः या बोलण्याने.

ज्याला झटपट लढती हव्यात त्याने हा गेम घेऊ नये. लेव्हल 60 पर्यंतचा रस्ता लांब आहे. ज्याला समोरच्याचं डोकं वाचायला आवडतं, त्याने फ्रॉस्ट मेज जरूर करावा. सध्या मी फेलहंटरला फ्रॉस्ट नोव्हाने एका जागी बांधून मावसभावाला ड्युएलच्या झेंड्याच्या दुसऱ्या बाजूला ओढायचा प्रयत्न करतोय, म्हणजे स्पेल लॉक 30 यार्डांच्या बाहेर राहील. ड्युएलची हद्द तेवढी जागा नेहमी देत नाही, पण दिली तेव्हा तो हरलाय.